जेद्दाहची मॅच आणि पार्किंगमधली रिंग

रविवार, ३ ऑगस्ट २०२५

देशमुख काका (सेक्रेटरी): सर्व सभासदांना नमस्कार. गणपती २७ तारखेला आहेत, मांडव आठ दिवस आधी उभा राहील. मांडववाला जागा बघून गेला. मधला खांब बरोबर बास्केटबॉलच्या रिंगपाशी येतोय. रिंग काढून ठेवावी का, दोन दिवसांत कळवावे.

वर्षा काकू (ए-४०१): काढा की. गंजली आहे, जाळी पण नाही.

मेधाताई (बी-५०२): देशमुख साहेब, एक विनंती. मंगळवार होईपर्यंत रिंगचा विषय नका काढू. मंगळवारी जेद्दाहला आशिया कप सुरू होतोय आणि पहिल्याच दिवशी आपली टीम जॉर्डनशी खेळतेय. त्या दिवशी पार्किंगमधून रिंग उतरवलेली मला बघवणार नाही.

शिरीष काका (ए-१०१): मेधाताई, आशिया कप तर सप्टेंबरमध्ये आहे ना? दुबईला?

मेधाताई: तो क्रिकेटचा, काका. हा बास्केटबॉलचा. सोळा टीम, चार गट. आपल्या गटात चीन, जॉर्डन आणि यजमान सौदी.

शिरीष काका: चीन? मग झालंच. मागच्या वेळी काय झालं होतं? मला पुसटसं आठवतंय, शंभर पॉइंट खाल्ले होते.

मेधाताई: तिन्ही मॅचमध्ये खाल्ले होते. २०२२, जाकार्ता. न्यूझीलंड १००-४७, लेबनॉन १०४-६३, फिलिपिन्स १०१-५९. तिन्ही पूर्ण बघितल्या मी. शेवटची बघताना आमचे हे म्हणाले, बंद कर आता. नाही केली.

ओंकार (सी-२०४): ताई मग या वेळी काय वेगळं आहे? खरंच चान्स आहे का?

मेधाताई: चान्स म्हणजे काय ते आधी ठरवू. कप जिंकायचा? नाही. ऑस्ट्रेलिया २०१७ ला या स्पर्धेत आली आणि तेव्हापासून दोन्ही वेळा तीच जिंकली. आपलं काम वेगळं आहे. गटातला पहिला थेट क्वार्टर फायनलला जातो. दुसरा आणि तिसरा एकेक मॅच खेळून आत जायचा प्रयत्न करतात. चौथा घरी. म्हणजे आपल्याला तिसरा नंबर पाहिजे, म्हणजे तीनपैकी एक मॅच. एकच.

ओंकार: सौदी?

मेधाताई: सौदी त्यांच्या घरात, त्यांच्या लोकांसमोर. जॉर्डन २०११ ला फायनल खेळलेली टीम, चीनकडून एका पॉइंटने हरली होती, ७०-६९. सोपं कोणीच नाही. तरी मला विचारशील तर जॉर्डन. पहिली मॅच आहे, पाय ताजे असतात आणि समोरचा आपल्याला जरा हलकं घेतो.

शकीलभाई (डी-३०३): मेधाताई बरोबर बोलतायत. पहिल्या मॅचला मोठी टीम अजून झोपेत असते. आमच्या मुंबईच्या नागपाड्यात हे लहान पोरालाही ठाऊक असतं.

देशमुख काका: शकीलभाई, तुम्ही खेळायचात?

शकीलभाई: नागपाड्यात जन्मलो, काका. तिथे गल्लीत क्रिकेट कमी, बास्केटबॉल जास्त. आमच्या लहानपणी अब्बास मुंतसीर साहेबांचं नाव घराघरांत होतं. भारताचे कॅप्टन, १९७० चं अर्जुन. १९७५ ला बँकॉकला याच स्पर्धेत आपण चौथे आलो होतो. चीन, जपान, कोरिया आणि चौथे आपण. त्याच्या वर आजपर्यंत गेलो नाही.

शिरीष काका: १९७५ ला चौथे? हे मला खरंच माहीत नव्हतं. मग पन्नास वर्षांत झालं काय? उंचीच कमी पडते ना आपली?

मेधाताई: काका, सगळ्यांच्या तोंडी हेच येतं. उंची. जरा फुरसतीने लिहिते, कारण हे ऐकून ऐकून माझा जीव तुटतो.

मेधाताई: सतनाम सिंग भामरा सात फूट दोन इंच. २०१५ ला एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या मोठ्या लीगच्या, डॅलस मॅव्हरिक्सने त्याला ड्राफ्टमध्ये निवडलं. पंजाबच्या एका छोट्या गावातला मुलगा. आपला अमृतपाल सिंग सिडनी किंग्जकडून ऑस्ट्रेलियाच्या लीगमध्ये खेळला. उंच मुलं आपल्याकडे आहेत, नेहमी होती. आता जपान बघा. त्यांचा तोगाशी पाच फूट सहा, कावामुरा पाच फूट आठ. माझा भाचा त्यांच्याहून उंच आहे. तरी जपान २०२३ च्या वर्ल्ड कपमध्ये तीन मॅच जिंकून पॅरिस ऑलिंपिकला गेला.

ओंकार: कावामुरा भारी आहे!! एनबीएत मेम्फिसकडून खेळला ना?

मेधाताई: हो तोच. आता पुढचं ऐक, कारण मला सगळ्यात जास्त लागतं ते हे. २०१४. त्या वर्षी जुलैमध्ये वुहानला आपण चीनला हरवलं. ६५-५८. त्यांच्या देशात. पहिल्यांदाच. अमज्योत, अमृतपाल, विशेष भृगुवंशी, सगळे जीव तोडून खेळले. आणि त्याच २०१४ मध्ये फिबाने, म्हणजे जागतिक बास्केटबॉल संघटनेने, जपानवर बंदी घातली, कारण त्यांच्याकडे दोन लीग एकमेकांशी भांडत होत्या. म्हणजे तेव्हा कोण पुढे होतं?

मेधाताई: जपानने दोन्ही लीग एकत्र केल्या आणि २०१६ ला नवीन लीग सुरू केली. आणि आपण? २०१५ ला आपल्या संघटनेचेच दोन गट झाले. एका गटाची निवडणूक बंगळूरुला, दुसऱ्याची पुण्यात, आपल्याच गावात. आपले कोच स्कॉट फ्लेमिंग, ज्यांनी चीनला हरवणारी टीम बांधली, ते सोडून गेले. सेनापतीच गेल्यावर काय होणार.

शिरीष काका: जपानची खेळी चांगली, पण लीगने एवढा फरक पडतो?

मेधाताई: सगळा फरक त्यानेच पडतो. आपला खेळाडू रेल्वेत नाहीतर सेनादलात नाहीतर एखाद्या बँकेत. नोकरी चांगली आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही, मी स्वतः बँकेच्या टीमकडून खेळले. पण वर्षाला स्पर्धा किती? सीनियर नॅशनल्स, दोन-चार आमंत्रितांच्या स्पर्धा, मग कॅम्प. चीनचा खेळाडू लीगमध्येच चाळीसच्या वर मॅच खेळतो. फिलिपिन्सची लीग तर १९७५ पासून चालू आहे, आपण चौथे आलो त्याच वर्षी सुरू झालेली. आता समजा शेवटची दोन मिनिटं आहेत, दोन पॉइंटचा फरक आहे, समोरचा फुलकोर्ट प्रेस करतोय, म्हणजे मैदानभर अंगावर येतोय. त्यांच्या गार्डने, म्हणजे बॉल पुढे नेणाऱ्याने, हा प्रसंग त्या मोसमात वीस वेळा बघितलाय. आपल्या गार्डने दोनदा. हात थरथरणारच.

शकीलभाई: टर्नओव्हर, म्हणजे बॉल समोरच्याच्या हाती जाणं, तिथेच होतं. बॉल हातात असताना डोकं घाई करतं.

वर्षा काकू: अगं मेधा, मला यातलं काही कळत नाही पण वाचायला छान वाटतंय. आमचा रोहन जेद्दाहला आहे. त्याला सांगू का बघायला जायला?

मेधाताई: काकू!! सांगाच. रोहन या ग्रुपवर आहे ना?

रोहन (ए-४०१, जेद्दाह): आहे ताई, वाचतोय. किंग अब्दुल्ला स्पोर्ट्स सिटी माझ्या रूमपासून लांब नाही. मंगळवारी निघता आलं तर नक्की जातो.

ओंकार: ताई बाकीच्यांकडे अमेरिकन प्लेअर कसे असतात? जॉर्डनकडून २०२३ च्या वर्ल्ड कपला रॉन्डे हॉलिस-जेफरसन खेळला होता. तो तर एनबीएचा.

मेधाताई: फिबाचा नियम आहे, प्रत्येक टीमला नंतर नागरिकत्व घेतलेला एक खेळाडू चालतो. फिलिपिन्सचा ब्राऊनली तसाच. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही, त्यामुळे परदेशी पासपोर्टवाला भारतीय वंशाचा मुलगाही आपल्याकडून खेळू शकत नाही. सिम भुल्लर, सात फूट पाच इंच, एनबीएत खेळलेला भारतीय वंशाचा पहिला खेळाडू, तो कॅनडाचा. म्हणून आपण बाराच्या बारा आपले घेऊन जातो. मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू. पण पोस्टमध्ये, म्हणजे रिंगखाली, मार बसतो तेव्हा तो एक माणूस कमी आहे हे दिसतं.

शिरीष काका: आता टीम कोणती आहे?

मेधाताई: कॅप्टन मुइन बेक हाफिज, तमिळनाडूचा. पलप्रीत ब्रार आहे, प्रणव प्रिन्स आहे, कंवर गुरबाज आहे. आणि कोच पुन्हा फ्लेमिंग! म्हणून तर मी एवढी अडून बसलेय. मार्चमध्ये बहारीनला जाऊन बहारीनलाच हरवून आपण या स्पर्धेत आलो. ढकलत ढकलत आलो, पण आलो. चीनकडे या वेळी यांग हानसेन नाही, त्याला नुकतंच एनबीएत घेतलंय. तरी चीन चीनच आहे, तिथे मी आशा धरत नाही.

देशमुख काका: रिंगचा निर्णय मंगळवारनंतर घेऊ.

सोमवार, ४ ऑगस्ट २०२५

ओंकार: ताई आज सकाळी तुम्ही खाली जे दाखवलं ते परत लिहा ना, आर्यन नव्हता.

मेधाताई: बॉक्स आउट. शॉट सुटला की सगळे वर बॉलकडे बघतात. तू बघायचं नाहीस. आधी आपला माणूस शोध. वळ, पाठ त्याच्या छातीला लाव, गुडघे वाकव, कंबर खाली, कोपर बाहेर. त्याचं वजन तुझ्या पाठीवर आलं पाहिजे. मग बॉल. उडी नाही मारलीस तरी चालेल, तो तुझ्यापुढे पडेल. सात फुटाच्या माणसाला उंचीने नाही, कंबरेने अडवायचं असतं. उद्या जॉर्डनशी मॅच बघताना बॉल बघू नका, हे बघा. आपण रिबाउंडमध्ये, म्हणजे हुकलेला बॉल पकडण्यात, टिकलो तर मॅचमध्ये टिकलो.

वर्षा काकू: आज सकाळी सहाला ठप ठप ऐकू आलं ते तुम्हीच होय.

मेधाताई: हो काकू, आवाज झाला असेल तर माफ करा. उद्यापासून साडेसातला.

वर्षा काकू: नको ग, खेळा. मी उठलेलीच असते. तुझा गुडघा सांभाळ.

शिरीष काका: मेधाताई, एक विचारायचं राहिलं. आपल्या शीख खेळाडूंना पगडी काढायला लावली होती ते कधीचं?

मेधाताई: २०१४, वुहानच. जपानच्या मॅचआधी अमृतपाल आणि अमज्योतला पगडी काढून खेळायला लावलं. लहानपणापासून पगडी बांधून खेळणारी मुलं. त्यानंतर इतका आवाज उठला की २०१७ ला फिबाने नियमच बदलला. चीनवरचा विजय आणि हा अपमान एकाच स्पर्धेत. विसरता येत नाही मला.

शकीलभाई: आणि मुलींचं पण लिहा ताई.

मेधाताई: लिहिते ना. २०१७ ला बंगळूरुला आपल्या मुलींनी महिला आशिया कपची बी डिव्हिजन जिंकली, फायनलला कझाकस्तान ७५-७३. आणि आपल्या पुण्याची शिरीन लिमये, ती तर भारताची कॅप्टन राहिलीय. आपल्या सोसायटीतल्या किती मुलींना तिचं नाव माहीत आहे?

सई (सी-२०४): मला माहीत आहे. दादाने सांगितलं.

मंगळवार, ५ ऑगस्ट २०२५

रोहन: पोचलो. निळा टीशर्ट घातलाय. शेजारी केरळचे चौघं बसलेत, सगळा आवाज त्यांचाच.

मेधाताई: राष्ट्रगीत झालं का?

रोहन: आत्ताच. अंगावर काटा आला ताई. इतक्या लांब येऊन ऐकलं की वेगळंच वाटतं.

शिरीष काका: मी पण लावलंय. नातवाने लावून दिलं. पांढरे कोण, निळे कोण ते कळलं.

ओंकार: लढतायत!! पळून नाही जाऊ देत जॉर्डनला

शकीलभाई: बेंचवरचे बघा, सगळे उभे आहेत. टीम जिवंत आहे.

वर्षा काकू: अजून किती वेळ आहे? मी देवापुढे दिवा लावलाय.

ओंकार: बरोबरी!!!!! ओव्हरटाइम!!!!!

रोहन: इथे कोणी बसलेलं नाही. केरळवाल्या एकाने मला उचललं.

शिरीष काका: म्हणजे अजून किती?

मेधाताई: पाच मिनिटं, काका. पाणी पिऊन या. मला लिहिता येत नाहीये.

शकीलभाई: या अल्लाह.

रोहन: ९१-८४. गेली.

(बराच वेळ कोणी काही लिहिलं नाही.)

वर्षा काकू: मेधा, ठीक आहेस ना?

मेधाताई: आहे. रडून झालं. काकू, चाळीस मिनिटं आपण जॉर्डनच्या बरोबरीने खेळलो. चाळीस. तीन वर्षांपूर्वी प्रत्येक मॅचला चाळीसच्या वर पॉइंटने हरत होतो. गेली ती शेवटच्या पाच मिनिटांत. आणि ती पाच मिनिटं कॅम्पमध्ये शिकवता येत नाहीत, ती खेळून खेळूनच येतात. या मुलांना घरी वर्षभर अशा मॅच मिळाल्या असत्या तर आज मी वेगळं काही लिहीत असते.

शिरीष काका: मेधाताई, मी उंचीचं म्हणालो ते मागे घेतो. आज कोणीही आपल्याला बुटकं म्हणू शकलं नसतं. चीनची कधी आहे?

मेधाताई: गुरुवारी. तिथे हरलो तरी मी नाराज होणार नाही, जास्त फरकाने हरू नये एवढंच. खरी मॅच शनिवारी, सौदीशी. ती जिंकली तर तिसरा नंबर अजून हातात आहे.

वर्षा काकू: शनिवारी राखीपौर्णिमा. नारळीभात करून ठेवते, सगळे आमच्याकडे या. टीव्ही मोठा आहे.

रोहन: आई मी पण शनिवारी जातोय. तिकीट बघतो. त्या चौघांचा नंबर घेतलाय.

देशमुख काका: मांडववाल्याशी बोललो. खांब तीन फूट सरकवता येतो म्हणतो, फक्त स्टेजची रुंदी थोडी कमी होईल. कमिटीतल्या तिघांची संमती आहे. रिंग राहू दे.

शकीलभाई: काका, शुक्रवारी नागपाड्याला जातोय. जाळी मी घेऊन येतो. शिडी कोणाकडे आहे?

सई: आमच्याकडे आहे.