रंग दिसला म्हणजे औषध सापडलं?

न्यायवैद्यक तपासणीबद्दल कुणीतरी म्हणतं की परीक्षानळीत रंग आला की झोपेचं औषध सिद्ध झालं. इथे मात्र थांबायला हवं.

क्लोरल हायड्रेट या झोपेच्या औषधासाठीची फुजिवारा ही रंगचाचणी घ्या. लघवीच्या नमुन्यात सोडियम हायड्रॉक्साइड आणि पिरिडीन हा द्रव घालून उकळत्या पाण्यात नळी धरली की वरच्या पिरिडीनच्या थरात लाल-गुलाबी रंग उतरतो. खरं तर तो या औषधापासून शरीरात तयार झालेल्या ट्रायक्लोरोअॅसिटिक आम्लाचाही असतो. पण क्लोरोफॉर्मही हाच रंग देतो! शेजारच्या टेबलावर क्लोरोफॉर्मची बाटली उघडी असली तरी निकाल फसू शकतो. म्हणून तुलनेसाठी, लघवीऐवजी नुसतं पाणी घेतलेली नळी सोबत चालवायचीच, यात तडजोड नको.

बार्बिट्युरेट हा झोपेच्या औषधांचा दुसरा गट सौम्य आम्लधर्मी, त्यामुळे नमुना आम्लयुक्त करून ते ईथरमध्ये ओढून घेतात. मग कोबाल्ट अॅसिटेट आणि आयसोप्रोपिलअमाइन घातलं की जांभळा रंग. तो गट सांगतो, नेमकं औषध नाही; फिनोबार्बिटल की सेकोबार्बिटल, हे क्रोमॅटोग्राफीनंतरच (मिश्रणातले घटक वेगळे केल्यावरच) कळतं, आणि खात्रीसाठी मास स्पेक्ट्रोमेट्री (रेणूंच्या वस्तुमानावरून ओळख) लागते.

प्रयोगशाळेच्या अहवालावर कुणाची तरी शिक्षा ठरणार असते. तेव्हा नुसत्या रंगावरून ‘प्राथमिक चाचणी होकारार्थी’ एवढंच लिहावं, त्यापुढे एक शब्दही नाही.