विश्पलेचा पाय हा कृत्रिम अवयवाचा सर्वांत जुना पुरावा मानावा का?

जिज्ञासू: ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील ११६व्या सूक्तात, खेल नावाच्या राजाच्या लढाईत विश्पला या स्त्रीचा पाय तुटला आणि अश्विनीकुमारांनी तिला लगेच धातूचा पाय बसवून दिला, असा उल्लेख येतो. त्यावरून कृत्रिम पायाचा सर्वांत जुना पुरावा भारतातला आहे, असे एका व्याख्यानात ऐकले. हे कितपत ग्राह्य धरावे?

पुराविद: तुटलेल्या पायाच्या जागी धातूचा पाय बसवण्याची कल्पना त्या सूक्तकर्त्याला सुचली होती, एवढे त्या ऋचेवरून म्हणता येते, आणि हेही थोडके नव्हे. मात्र तसा पाय कोणी खरोखर वापरला, हे त्यातून सिद्ध होत नाही. विश्पला ही शर्यतीतील घोडी असावी, असेही काही अभ्यासक मानतात. प्रत्यक्ष वस्तूच पाहायची, तर इजिप्तमध्ये लक्सरजवळच्या थडग्यात एका स्त्रीच्या ममीच्या उजव्या पायाला बसवलेला लाकूड आणि चामड्याचा अंगठा सापडला आहे. तो साधारण इ. स. पू. ९५० ते ७१० या काळातला आहे. मूळ अंगठा गेल्यावरची जखम पूर्ण भरून तिच्यावर त्वचा आलेली होती आणि कृत्रिम अंगठ्यावर झिजेच्या खुणा आहेत. त्यामुळे तो केवळ शव सजवण्यासाठी केला असेल, हे पटत नाही. मँचेस्टर विद्यापीठाच्या जॅकलिन फिंच यांनी उजवा अंगठा नसलेल्या स्वयंसेवकांना त्याची प्रतिकृती घालून चालवून पाहिले आणि ती चालताना उपयोगी पडते, असे त्यांना आढळले.

जिज्ञासू: आभारी आहे. मग पूर्ण पायाचे जुने नमुने इतके विरळ का?

शल्यविद्यार्थी: मुख्य कारण रक्तस्राव. पाय कापल्यावर रक्त थांबवण्याची खात्रीची रीत नव्हती, डागण्या देऊनही अनेक जण दगावत. जो वाचतच नाही, त्याला पाय कुठून बसवणार? अपवाद म्हणून इटलीतील कापुआ येथे सापडलेला, लाकडी गाभ्यावर कांस्याचा पत्रा चढवलेला, इ. स. पू. ३००च्या सुमाराचा पाय सांगता येईल. दुर्दैवाने तो १९४१च्या बॉम्बहल्ल्यात लंडनमध्ये नष्ट झाला आणि आता प्रतिकृतीच उरली आहे. खरा बदल सोळाव्या शतकात दिसतो. फ्रेंच शल्यविशारद आंब्र्वाझ पारे यांनी अंगच्छेदनानंतर डागण्याऐवजी रक्तवाहिन्या दोऱ्याने बांधण्याचा पुरस्कार केला, आणि चालताना ताठ राहणारा पण बसताना खटका सोडून दुमडता येणारा गुडघा असलेला धातूचा पाय एका कुलूप करणाऱ्या कारागिराकडून बनवून घेतला. तो अर्थातच ऐपतदारांसाठी होता. त्याच पारे यांनी गरिबांसाठी वेगळा, साधा लाकडी पायही चित्रासह दिला आहे, ज्यात उरलेला गुडघा दुमडून खोबणीत टेकवायचा असे.