नवं कुत्रं आणि घरातली आधीची मंडळी : खान्देशकरांनो, अनुभव लिहा

जळगाव, मेहरूणकडून (धागा काढणारी)

आमच्या घरी अकरा वर्षांची कुत्री बंटी, गोट्या नावाचा बोका आणि चिंगी ही मांजर असा सुखाचा संसार होता. फेब्रुवारीत हायवेवर गाडीने उडवलेलं एक गावठी कुत्रं घरी आणलं. साधारण दोन वर्षांचं. पाय बरा झाल्यावर कुणीतरी नेईल असं घरात सांगितलं होतं. कुणी नेलं नाही, आणि खरं सांगायचं तर मीही कुणाला विचारलं नाही. त्याचं नाव टिपू.

पहिल्याच दिवशी मोठी चूक केली. "होऊ दे ओळख" म्हणून दार लावून सगळ्यांना एका खोलीत सोडलं. चिंगी माळ्यावर चढली ती तीन दिवस उतरलीच नाही, खाणंपिणं सगळं शिडीने वर. नंतर हळूहळू जमत गेलं. मार्च बरा गेला. मग ऊन तापलं. पारा 45 वर आणि घरात कूलर एकच. गेल्या आठवड्यात लाईट गेली, तासाभराने आली, कूलर सुरू झाला. बंटी रोजच्या सवयीने त्याच्यासमोर जाऊन पडली आणि टिपूने तिचा कान धरला. तीन टाके पडले.

आता टिपू मागच्या खोलीत, बंटी पुढच्या खोलीत आणि मी मधल्या दारात. नातेवाईक म्हणतात सोडून ये. डॉक्टर म्हणतात वेळ द्या. किती वेळ ते सांगत नाहीत.

ज्यांच्या घरात एक जनावर बाकीच्यांत बसत नव्हतं, त्यांनी काय केलं ते लिहा. जमलं असेल तर लिहाच. ज्यांना शेवटी कुत्रं दुसऱ्याकडे द्यावं लागलं, त्यांनी तर आवर्जून लिहा. त्याबद्दल कुणी बोलत नाही.

भुसावळ, रेल्वे क्वार्टर

ताई, तुमचं भांडण मला पाठ आहे. आमच्याकडे तीन कुत्रे, खोल्या दोन. दिवाळीत तिघं एका पोत्यावर झोपतात आणि एप्रिल लागला की एकमेकांचं तोंड बघवत नाही. आधी वाटायचं उन्हाने डोकं फिरतं. मग एक दिवस सुट्टी होती तेव्हा नुसतं बसून पाहिलं. तिघांचे सगळे खटके तीनच जागी उडत होते : कूलरसमोर, मोरीच्या गार फरशीवर आणि पाण्याच्या घमेल्याजवळ.

मग घमेली चार केली, चार कोपऱ्यांत. गोणपाट भिजवून दोन वेगळ्या खोल्यांत टाकतो, दुपारी दोनदा परत भिजवतो. कूलर दाराच्या तोंडाशी तिरपा लावला, वारा दोन्हीकडे जातो. सगळ्यात जुन्या कुत्रीची मोरी ठरलेली, तिथे दुसरा गेला की आम्ही त्याला भाकरीचा तुकडा दाखवून उठवतो, ओढून नाही. पट्ट्याला धरून ओढलं की तोही चिडतो आणि तीही.

अजून एक, आणि हे मला महागात पडलं. मधला गुरगुरला की मी त्याच्यावर ओरडायचो. महिनाभरात त्याने गुरगुरणं सोडलं. मी खूश. मग एका संध्याकाळी आवाज न करता थेट चावला. गुरगुरणं म्हणजे तो "सरक" म्हणत होता, आणि ते तोंडच मी बंद करून ठेवलं होतं. आता त्याच्याही आधीचं बघतो. अंग ताठ होतं, चघळता चघळता तोंड थांबतं, डोळा तिरका करून बघतो. एवढं दिसलं की दुसऱ्याला हाक मारून बाहेर काढायचं. गुरगुरण्यापर्यंत जाऊच द्यायचं नाही.

अमळनेर

कुत्रा-मांजर जमवायचं तर डोळ्यांआधी नाक. टिपू ज्या पोत्यावर झोपतो ते चिंगीच्या खाण्याजवळ ठेवा, तिच्या अंगाखालचं फडकं त्याच्याकडे. दोन-चार दिवसांत त्या वासाकडे कुणी ढुंकून बघत नाही असं झालं की बंद दाराच्या दोन बाजूंना दोघांची जेवणं. मग दाराला जाळीची चौकट. डासांची जाळी नको, एका धडकेत फाटते. कोंबड्यांच्या खुराड्याला मारतात ती तारेची घ्या. जाळीपलीकडे मांजर दिसलं आणि कुत्र्याने मान फिरवून तुमच्याकडे बघितलं की लगेच खाऊ. टक लावून बसला तर अंतर वाढवा. आम्हाला पाच आठवडे लागले. त्यानंतरही दोन महिने घरात त्याच्या गळ्यात पट्टा आणि दोरी जमिनीवर लोळती, म्हणजे धावला तर दोरीवर पाय देता येतो.

मांजराला वरचा रस्ता हवा. कपाटावरून फळीवर, फळीवरून खिडकीत. जमिनीवर न उतरता खोली पार करता आली की तिचा अर्धा धसका जातो. आणि मांजर पळालं नाही तर कुत्र्यालाही पाठलागात मजा राहत नाही. तिची मातीची पाटीही कुत्रा जाणार नाही अशा जागी ठेवा. आमच्याने काय खाल्लं ते जेवणाच्या वेळी वाचणाऱ्यांसाठी लिहीत नाही.

रावेर तालुका, केळीचा मळा

आमचा राजा म्हशीपाशी शहाणा. वासरू त्याचे कान चाटतं, हा डोळे मिटून उभा. पण कोंबडी दिसली की संपलं. पहिल्या महिन्यात चार मारल्या.

आजोबांनी जुना उपाय केला, मेलेली कोंबडी त्याच्या गळ्यात बांधली. अंगणात दोन दिवस वास, कुत्रं तोंड लपवून पडलेलं, सगळे म्हणाले आता अद्दल घडली. आठव्या दिवशी पाचवी गेली. गळ्यातल्या सडक्या कोंबडीचा आणि परवाच्या धावण्याचा संबंध माणसाच्या डोक्यात असतो, कुत्र्याच्या नाही. त्याला एवढंच कळलं की आजोबा जवळ आले की काहीतरी वाईट होतं. त्यानंतर तो त्यांच्या हातून भाकरी घेईना. आजोबांना त्याचं फार लागलं, पण बोलले नाहीत.

मग मी त्याला दोरीवर घेऊन रोज संध्याकाळी खुराड्यापासून लांब बसायला लागलो. आधी पन्नास पावलं, मग चाळीस. दोन वर्षं झाली. आज तो दहा पावलांवर शांत बसतो, मी सोबत असेन तर. मी नसेन तर? खुराड्याला जाळी, फाटकाला कडी. तो सुधारला असं मी म्हणणार नाही. जाळी पक्की आहे, एवढंच.

धुळे

आमची कुत्री राणी आणि मांजर पाच वर्षं एका गोधडीत झोपायच्या. एक दिवस मांजर अंगावरून गेलं आणि राणी फाडायला उठली. सगळे म्हणाले वयाने स्वभाव बदलला. पंधरा दिवस आम्ही स्वभावच दुरुस्त करत होतो. शेवटी दवाखान्यात नेलं तर कानात आतपर्यंत पू. मांजर रोज तोच कान चाटायचं. औषधं झाली, महिन्यात गोधडी परत एक.

अचानक बदललेल्या जनावराला आधी तपासा. कान, दात, सांधे, गोचीड ताप. बंटी अकरा वर्षांची आहे म्हणता, तिचंही बघून घ्या. दुखणारं म्हातारं कुत्रं लवकर खेकसतं आणि नव्याला ते कळत नाही.

धाग्याचा विषय नाही पण सांगतेच. मांजर असलेल्या घरात कुत्र्याचं गोचिडाचं औषध विचारल्याशिवाय लावू नका. पर्मेथ्रिन असलेलं औषध कुत्र्याला चालतं, मांजराला विष आहे. गोठ्यात फवारायची काही औषधंही त्याच जातीची. कुत्र्याच्या अंगाला घासूनसुद्धा मांजराला बाधतं. आमच्या शेजारचं मांजर असंच थरथरत झटके देऊ लागलं होतं, वेळेत नेलं म्हणून वाचलं.

शिरपूर

माझी आजी हातात काठी घेऊन नव्या कुत्र्यासमोर बसायची. मारायला नाही, टेकायला. मी त्याच्यावर हात उगारला तर म्हणाली, "मारू नको त्याले, तो घाबरेल शे." म्हणजे तो घाबरलेला आहे. मी म्हटलं तोच सगळ्यांना घाबरवतोय. आजी म्हणाली, "हां, मंगच." म्हणजे म्हणूनच. पुढे काही बोलली नाही, पण त्या दिवसापासून त्याची भाकरी सगळ्यांत आधी आणि ओसरीच्या टोकाला, एकट्याला. ताट हिसकावलं जात नाही हे कळायला त्याला वीसेक दिवस लागले.

नंदुरबार

दोन नर होते, नसबंदी केली. दुसऱ्या दिवशी साधू होतील असं समजू नका, काही आठवडे जातात. आमच्याकडे मूत्रखुणा आणि बाहेर पळणं कमी झालं, भांडण अर्धं राहिलं. उरलेलं अर्धं खाण्यावरचं होतं, ते वेगळ्या खोल्यांत जेवण देऊन मिटलं. बहिणीकडे दोन माद्या होत्या, तिथे नसबंदीने भांडणात काहीच फरक पडला नाही.

चाळीसगाव

आवर्जून लिहा म्हणालात म्हणून लिहिते आहे. दोन वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं.

आमच्याकडे आधीची दोन कुत्री, मुलगा सहा वर्षांचा आणि मग आला मोती. वर लिहिलंय ते जवळपास सगळं केलं. जाळी, वेगळं जेवण, सकाळी तिघांना एकाच दिशेने अंतर ठेवून फिरवणं. फिरताना छान, घरात आल्यावर युद्ध. सात महिने आमच्या घरात एक दार कायम बंद होतं. मुलगा दार उघडण्याआधी ओरडून विचारायचा, "मोती कुठेय?"

एकदा त्याने विचारलं नाही. कुत्र्यांची झटापट सुरू झाली आणि तो सोडवायला मध्ये गेला. दंडाला दात लागले. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं घड्याळ लावून धुतलं, लगेच दवाखाना. मोतीला लस दिलेली होती, तरी मुलाच्या रेबीजच्या सुया पूर्ण केल्या : पहिला दिवस शून्य धरून 0, 3, 7, 14 आणि 28. घरचं कुत्रं आहे म्हणून कुणी हे टाळू नका. (आणि भांडणात हात घालू नका. मोठं घमेलं, उशी, पाण्याची बादली, मिळेल ते मध्ये टाका.)

त्या अठ्ठावीस दिवसांत ठरलं. माझा भाऊ माहेरी शेतावर राहतो. दुसरं कुत्रं नाही, मूल नाही. त्याला काहीही लपवलं नाही. कुणाला चावला, कशावरून चिडतो, ताटाजवळ का जायचं नाही, सगळं कागदावर लिहून दिलं. मोतीचं पोतं आणि ताटली सोबत पाठवली. परत येताना गाडीत नवरा म्हणाला, "आपण हरलो का?" मला उत्तर देता आलं नाही. घरी आले, ते बंद दार उघडलं, आणि आधीची दोन्ही कुत्री उंबऱ्यावरच थांबली. सात महिन्यांत त्यांना तिकडे जायची सवयच उरली नव्हती. तेव्हा कळलं, आम्ही एकाला सांभाळत होतो आणि दोघांना कोंडत होतो.

आता आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी गेले की भेट होते. पहिल्या वर्षी झोक्याखाली येऊन बसला. यंदा लांबूनच शेपटी हलवली आणि भावामागे बांधावर निघून गेला. मला वाईट वाटलं, मग दिवसभर बरं वाटत राहिलं.

टिपूला द्याच असं म्हणत नाही. फक्त रस्त्यावर सोडणं आणि विचार करून घर शोधणं या दोन गोष्टी एक नाहीत, हे नातेवाइकांना सांगा.

पारोळा

आमचं छोटंसं. कुत्रं बिथरायला लागलं, घरात मुतायला लागलं, मांजरावर धावायला लागलं. कारण शोधायला आठ दिवस लागले. भाव नाही म्हणून मागच्या खोलीत कापूस भरून ठेवला होता आणि ती त्याची झोपायची खोली होती. पडवीत जुनी खाट आडवी लावून तिच्यामागे कोपरा करून दिला, थांबलं. कापूस अजून खोलीतच आहे, त्यावर वेगळा धागा काढावा लागेल.

जळगाव, मेहरूणकडून (धागा काढणारी)

उशीर झाला, पण सांगायला आले. श्रावण लागलाय.

दुसरा कूलर घेतला, जुना, हप्त्याने नाही रोख. भुसावळकरांचे ओले गोणपाट त्याच्याहून जास्त कामाला आले. बंटीला दाखवलं तर दोन दाढा किडलेल्या निघाल्या. दाढा काढल्यापासून ती टिपू जवळून गेला तरी दात दाखवत नाही. गोट्याने त्याला एकदा नाकावर ओरबाडलं, तेव्हापासून टिपू गोट्याला रस्ता देतो. चिंगी अजून वरूनच फिरते. तिच्यासाठी कपाट ते खिडकी फळी मारली. ती आणि टिपू सोबत मोकळी कधीच नसतात. मी बाहेर गेले की जाळीला कडी.

काल आमच्याकडे कानबाई होती, आपला श्रावणातला देवीचा सण. घरात चाळीस माणसं, म्हणून टिपूला सकाळपासून गच्चीवरच्या खोलीत ठेवलं, पाणी, पोतं आणि एक हाड देऊन. रात्री गर्दी ओसरल्यावर खाली आणला. तेवढ्यात धाकट्या दिराच्या मुलाने त्याला रोटाचा तुकडा टाकला. आता रोट म्हणजे कानबाईचा प्रसाद, तो तर भाऊबंदांबाहेर जात नाही. काकू उठून उभ्याच राहिल्या. सगळे गप्प. टिपू तुकड्यासमोर उभा, आणि बंटी चार हातांवर त्याच तुकड्याकडे बघत. मी दोरीवर पाय ठेवला.

काकूंनी टिपूकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पोराला म्हणाल्या, "एकच काय टाकतो, भांडतील ना. म्हातारीलाही दे, आणि लांब दे."