बॉनेट, दार आणि चाकाची कमान गंजली आहे, घरी कितपत जमेल?

पहिलाच हात

गाडीचा पत्रा तीन ठिकाणी गंजलाय.

बॉनेटच्या पुढच्या कडेला खडी लागून रंग उडालाय, तिथे नाण्याएवढा तांबूस डाग आहे. ड्रायव्हरच्या दाराच्या खालच्या कडेला वीतभर लांबीत रंगाखाली फोड आलेत. आणि मागच्या डाव्या चाकाच्या कमानीवर फोड टोचला तर स्क्रू ड्रायव्हरचं टोक थेट आत गेलं. भोक करंगळीच्या नखाएवढं.

हाताशी चार इंची ग्राइंडर, ड्रिल आणि पॉलिश पेपर आहेत. वेल्डिंग येत नाही, कॉम्प्रेसर नाही. रस्ट कन्व्हर्टर (गंजाला स्थिर थरात बदलणारं रसायन), वर पुट्टी आणि मग स्प्रे कॅन एवढ्यात भागेल का? भोकावर फायबरची जाळी लावून पुट्टी भरली तर किती टिकेल?

पत्राकाम

तिन्ही कामं वेगळी आहेत, एकाच कृतीत बसवू नका. बॉनेटचा गंज बाहेरून आलाय, म्हणजे दिसतोय तेवढाच आहे. दार आणि कमान आतून सडलीय. तिथे फोड दिसेपर्यंत मागची बाजू बरीच गेलेली असते, आणि मागे हात न घालता पुढून कितीही छान काम केलं तरी फोड त्याच जागी परत येतात.

हात बसवायला आधी बॉनेट घ्या. डागाभोवती चांगल्या रंगावर मास्किंग टेपचा चौकोन लावा. गंज ८० नंबरच्या पेपरने लाकडी ठोकळ्यावर घासा. एवढ्याशा जागेला ग्राइंडर नको: बाहेरचा पत्रा साधारण ०.७ ते ०.८ मिमी असतो, ग्राइंडरची फ्लॅप डिस्क (पॉलिश पेपरच्या पाकळ्यांची चकती) एका जागी थांबली की पत्रा पातळ होतो, तापून निळसर पडतो आणि लाटा येतात. तारेचा ब्रश तर गंज काढण्याऐवजी त्याला चकाकी देतो. पत्रा स्वच्छ वाटला तरी टॉर्च तिरका धरून बघा, खसखशीएवढे काळे ठिपके दिसतील. ते खड्ड्यात बसलेले गंजाचे कण. तेवढ्या ठिपक्यांपुरता कन्व्हर्टर लावायचा, सगळ्या पत्र्यावर नाही.

मग टेप काढा आणि रंगाच्या कडा १८० ने, नंतर ३२० ने उतरत्या करा. रंग, प्रायमर, कंपनीचा तळाचा थर यांची वेगवेगळ्या छटांची वलयं दिसायला हवीत, सगळी मिळून दोन-तीन सेंटिमीटर रुंद. बोट फिरवल्यावर पायरी लागली तर ती रंगानंतरही दिसणार. डोळ्यापेक्षा बोटावर विश्वास ठेवा.

ग्रीस रिमूव्हरने पुसताना दोन फडकी घ्या, एक ओलं, एक कोरडं. ओल्याने पुसून ते सुकायच्या आत कोरड्याने उचला, नाहीतर तेलकटपणा नुसता पसरतो. नंतर उघड्या पत्र्याला बोट लावू नका, घामातल्या मिठाने ठसा गंजतो. प्रायमर त्याच दिवशी बसला पाहिजे.

प्रायमर दोन भागांचा इपॉक्सी घ्या. साधा एका डब्यातला प्रायमर सच्छिद्र असतो, ओल आत जाऊ देतो. स्प्रे गन नसेल तर इपॉक्सी मऊ ब्रशने दोन पातळ हात देऊनही चालतो, सुकल्यावर घासून सपाट करता येतो. ब्रशने लावणं दिसायला गावठी, पण खड्ड्यांत प्रायमर छान दाबला जातो.

दारासाठी आधी आतलं ट्रिम आणि त्यामागचा प्लास्टिकचा पडदा काढा. इलेक्ट्रिक कनेक्टर सोडण्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवा. काचेच्या रबरातून दारात पाणी शिरणारच, ते खालच्या निचऱ्याच्या भोकांतून जायला हवं. भोकं चिखलाने बुजली की बाहेरचा पत्रा जिथे आतल्या चौकटीवर दुमडलाय त्या घडीत पाणी बसतं. तुमचे फोड बहुधा त्याच रेषेत असतील. आतून स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा: चांगला पत्रा खणखणतो, सडलेला भद्द वाजतो. पत्रा शाबूत असेल तर आतली खपली खरवडा, घडीत इपॉक्सी प्रायमर ब्रशने मुरवा, बाहेरून बॉनेटसारखंच काम करा. रंग झाल्यावर आतून कॅव्हिटी वॅक्स (पोकळ जागेत मारायचं गंजरोधक मेण) मारा आणि निचऱ्याची भोकं वॅक्सने बुजली नाहीत ना ते तारेने तपासा. पडदा पुन्हा नीट चिकटवा, नाहीतर पाणी केबिनमध्ये येईल.

ओली वाळू

कमानीबद्दल. फायबर आणि पुट्टीने भोक झाकता येतं, गंज थांबत नाही. पुट्टीत टाल्क असतं, ती ओल शोषते. मागून उघडी राहिली की पाणी पुट्टीतून पत्र्यापर्यंत पोचतं आणि कडा उचलते. गाडी थोडेच दिवस वापरायची असेल तर ठीक, पण त्याला दुरुस्ती म्हणू नका.

कमानीच्या ओठावर बाहेरचा क्वार्टर पॅनल (मागच्या चाकावरचा बाजूचा पत्रा) आणि आतली चाकाची टोपी असे दोन पत्रे स्पॉट वेल्डने जोडलेले असतात आणि चिखल नेमका त्यांच्यामध्ये बसतो. चाक काढा, गाडी स्टँडवर ठेवा (फक्त जॅकवर नको), लायनर (कमानीच्या आतलं प्लास्टिकचं आवरण) काढून आतून घासा. नखाएवढं भोक तळहाताएवढं झालं तर दचकू नका, तितकं आधीच गेलेलं होतं. दोन्ही बाजूंनी चकचकीत पत्रा लागेपर्यंत कापा. मग ठरवा:

फक्त बाहेरचा पत्रा गेला असेल तर पॅनल बाँडिंग अ‍ॅडहेसिव्हने (पत्र्याला पत्रा चिकटवायच्या गोंदाने) ठिगळ बसवता येतं. आधी पुठ्ठ्याचा नमुना, मग त्यावरून ०.८ मिमीचा सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा कापा. कोपरे गोल ठेवा, चौरस कोपऱ्यात ताण साठतो आणि पुढे तिथेच चीर दिसते. ठिगळ मागून लावायचं, सगळीकडे २० ते २५ मिमी पत्र्यावर चढलेलं. दोन्ही पृष्ठभाग ८० नंबरने ओरखडून उघडे करा. अ‍ॅडहेसिव्ह दोन्हीकडे पातळ फासा, कारण ते झाकलेल्या उघड्या पत्र्यालाही गंजापासून वाचवतं, मग मधे एक जाड रेघ द्या. क्लॅम्प अंगात आल्यासारखे आवळू नका, सगळं अ‍ॅडहेसिव्ह बाहेर आलं तर चिकटायला काही उरत नाही. पूर्ण घट्ट व्हायला डब्यावरची वेळ द्या, साधारण एक दिवस.

आतला पत्रा गेला असेल, किंवा गंज सिल (दाराखालची पत्र्याची पेटी), शॉकअपचं माउंट, सीटबेल्टचं अँकर, पिलर यांच्याजवळ पोचला असेल तर काम वेल्डरचं. तिथे अ‍ॅडहेसिव्हही नको. स्वच्छ कापून, मोजून द्या, तेवढी मजुरी वाचते.

ग्राइंडर लावण्याआधी काचा आणि शेजारचे पॅनल जाड ओल्या कापडाने झाका. ठिणगी काचेवर वितळून रुतते, ती निघत नाही. पेट्रोल टाकीचा गळा मागच्या कमानीजवळ कोणत्या बाजूला आहे ते बघा. आतली फोमची गादी काढा, ती आत धुमसत राहते आणि बाहेर पत्ता लागत नाही.

तिसरा कोट

पुट्टीत नवखे हमखास फसतात, म्हणून तेवढंच. हार्डनर वजनाने सुमारे २ टक्के, म्हणजे १०० ग्रॅम पुट्टीला २ ग्रॅम. जास्त टाकला तर पुट्टी हातात दगड होते, सुया टोचल्यासारखी भोकं पडतात आणि हार्डनरमधलं जादा पेरॉक्साइड नंतर रंगात डाग होऊन उतरतो. कमी टाकला तर ती चिकट राहते आणि पेपरात अडकते. फेटू नका, हवा शिरते. पातीने दाबत, पसरत एकजीव करा, हार्डनरच्या रंगाच्या रेघा पूर्ण नाहीशा व्हायला हव्यात. हातात चार-पाच मिनिटं असतात, म्हणून लिंबाएवढीच कालवा.

थर ३ मिमीच्या आत. पुट्टी घासलेल्या इपॉक्सीवर किंवा उघड्या पत्र्यावर चालते. अ‍ॅसिडच्या एच प्रायमरवर (etch, म्हणजे पत्र्याला किंचित खाऊन धरणारा) अजिबात नाही, चिकटत नाही. आणि पुट्टी पाण्याने घासायची नाही, कोरडीच.

कन्व्हर्टरबद्दल पत्राकाम यांच्याशी सहमत, एक भर. फॉस्फोरिक अ‍ॅसिडचा असेल तर डब्यावर सांगितल्याप्रमाणे धुऊन पूर्ण सुकवा, उरलेल्या अ‍ॅसिडवर इपॉक्सी सुटतो. टॅनिक अ‍ॅसिडवाला काळा थर सोडतो, तो धुवायचा नसतो. दोन्ही जाड खपलीच्या आत जात नाहीत, वरचाच गंज बदलतो. बाथरूम साफ करायचं हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड पत्र्याला लावू नका, जोडात राहिलेलं क्लोराइड गंजाला नव्याने उठवतं.

पहिलाच हात

दाराचा आतला पत्रा खणखणतोय, कमानीतही आतलं शाबूत आहे. बॉनेटचा इपॉक्सी घासून झाला. वर स्प्रे कॅनचा रंग मारला तर इपॉक्सी आणि जुन्या रंगाच्या सीमेवर सुरकुत्या आल्या. काय चुकलं?

तिसरा कोट

नवीन रंगातलं सॉल्व्हंट खालच्या थराच्या उघड्या कडेत शिरलं, तो फुगून उचलला गेला. कारणं सहसा दोन: पहिलाच कोट ओला आणि जाड, किंवा दोन कोटांमधली वेळ चुकली. बऱ्याच कॅनवर ‘अमुक वेळेच्या आत किंवा पूर्ण एक-दोन दिवसांनी’ असं लिहिलेलं असतं. मधल्या वेळात मारलं की हमखास सुरकुती.

आता लगेच वर काही मारू नका. दोन दिवस सुकू द्या, सुरकुती ४०० ने सपाट करून कडा पुन्हा उतरत्या करा आणि सीमेवर इपॉक्सीचा एक हात द्या, तो जुन्या रंगाला झाकून टाकतो. ६०० ने घासा. मग कॅन दोन मिनिटं हलवून २० ते २५ सेंटिमीटरवरून पहिला कोट इतका हलका मारा की खालचं दिसत राहील. दहा मिनिटांनी दुसरा, तसाच. झाकणारा कोट तिसरा किंवा चौथा.

रंगाचा कोड दाराच्या खांबावरच्या किंवा इंजिनशेजारच्या स्टिकरवर सापडेल. मेटॅलिक रंग असेल तर बॉनेटच्या मधे कडा सोडू नका, पॅनलच्या घडीपर्यंत न्या. चकाकीसाठी क्लिअर (वरचा पारदर्शक थर) दोन भागांचा घेणार असाल तर त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, साधा धुळीचा मास्क त्यापुढे काही कामाचा नाही. ताज्या हवेच्या नळीचा मास्क नसेल तर तेवढं काम पेंटरकडून करून घ्या.