बेघर गृहस्थांसाठी निवारा आणि कामाचे प्रशिक्षण : पुण्यात सुरुवात कुठून करावी?

धागाकर्ती : आमच्या भागात एका बंद दुकानाच्या ओट्यावर पंचेचाळिशीच्या आसपासचे एक गृहस्थ काही महिन्यांपासून झोपतात. पूर्वी ते छापखान्यात बाइंडिंगचे काम करीत. छापखाना बंद पडला, भाडे थकल्याने खोली गेली आणि भावानेही दार लावून घेतले, असे ते सांगतात. व्यसन नाही, कामाची तयारी आहे. पावसात पिशवी भिजून त्यांच्या शिधापत्रिकेचा आणि आधार कार्डाचा अक्षरशः लगदा झाला. त्यांना एखाद्या अल्पमुदतीच्या वर्गात घालावे आणि शुल्क आम्ही शेजाऱ्यांनी भरावे, असा विचार आहे. कोणता वर्ग निवडावा, याविषयी जाणकारांनी कृपया सुचवावे.

नदीकाठ : वर्गाचा विचार तूर्त बाजूला ठेवून आधी महापालिकेच्या बेघर निवारा केंद्रात जागा मिळवावी, असे मी सुचवेन. सर्वोच्च न्यायालयाचे २०१० मधील आदेश आणि २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाचे निकष यांनुसार दर एक लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांची बारमाही सोय अपेक्षित आहे. अपेक्षित म्हणजे कागदावर, हे वेगळे सांगायला नको. अनेक केंद्रे स्वयंसेवी संस्था चालवतात, त्यामुळे समाज विकास विभागात चौकशी करून थांबू नका, व्यवस्थापकांना प्रत्यक्ष भेटा. दिवसा थांबू देतात का, मुक्काम किती काळ वाढवून मिळतो आणि सामानाला कुलपाची पेटी आहे का, हे आवर्जून विचारा. पेटीचा प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण चपला उशाखाली घेऊन, दर आवाजाला दचकत रात्र काढणारा माणूस सकाळच्या वर्गात डोळे उघडे ठेवू शकत नाही.

आधार क्रमांक आठवत नसला तरी आधार सेवा केंद्रात ठशांवरून तो शोधता येतो, आणि बाइंडिंगच्या कामाने बोटे झिजली असतील तर बुबुळांवरून. मान्यताप्राप्त निवारा केंद्राच्या प्रमुखांनी विहित नमुन्यात दिलेले प्रमाणपत्र पत्त्यासाठी चालते. मतदार नोंदणीत तर बेघर व्यक्तीकडे पत्त्याचा पुरावा मागण्याऐवजी मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने रात्री त्या जागी जाऊन ती व्यक्ती तिथे झोपते का, हे पाहायचे असते.

खटपट्या : निवाऱ्याबाबत सहमत आहे. मात्र प्रशिक्षण निवडताना प्रमाणपत्र किती देखणे आहे यापेक्षा पहिला पगार कधी हाती पडेल हे पाहावे. कंत्राटदाराकडे सफाई किंवा सुरक्षारक्षकाचे काम लागले, तरी महिना भरल्यावर आणखी आठ-पंधरा दिवसांनी पगार होतो. तोवर बसभाडे, जेवण आणि गणवेशाचे पैसे कुठून आणायचे? माझ्या पाहण्यात बहुतेक जण याच टप्प्यावर काम सोडून पुन्हा नाक्यावर, रोजच्या रोज पैसे मिळणाऱ्या मजुरीकडे वळतात, आणि त्यांना आळशी म्हणणारे आपण मोकळे होतो. या गृहस्थांच्या हातात मुळात एक कसब आहे. अप्पा बळवंत चौक आणि शनिवार पेठ परिसरातील बाइंडरांकडे आधी विचारून पाहा. तिथे काम मिळाले तर वर्गाची गरजच उरणार नाही.

बँकेत कागदपत्रांअभावी अडवले, तर छायाचित्र आणि सही किंवा अंगठा यांवर उघडता येणारे छोटे खाते मागावे. त्यात शिल्लक ५०,००० रुपयांपर्यंत ठेवता येते आणि महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत काढता येतात. सुरुवातीला तेवढे पुरेसे आहे.

सांजवात : एक पुस्ती जोडते. बोलण्यात असंबद्धता किंवा भास जाणवत असतील, तर वाट वेगळी आहे. रस्त्यावरील मनोरुग्णांसाठी कर्जतला डॉ. भरत वाटवानी यांची श्रद्धा संस्था आहे. चेन्नईच्या ‘द बनियन’ संस्थेचा ‘होम अगेन’ उपक्रम रत्नागिरीतही आहे. त्यात चार-पाच जण साध्या वस्तीतील भाड्याच्या घरात मदतनिसाच्या आधाराने राहतात.

धागाकर्ती : सर्वांचे आभार. तसे काही जाणवत नाही, त्यांचे बोलणे स्वच्छ आहे. उद्या निवारा केंद्रात आणि नंतर बाइंडरांकडे जाऊ. शुल्कासाठी काढलेली रक्कम पहिल्या पगारापर्यंतच्या खर्चाला वापरावी, असे ठरते आहे. ती व्यवस्थापकांकडे ठेवावी की गृहस्थांच्या हाती द्यावी?

खटपट्या : त्यांच्याच हाती द्या, पण आठवड्याच्या हिशेबाने, आणि बसचा मासिक पास तेवढा आधीच काढून ठेवा.