मदत हवी आहे: मुंबईत शनिवारी कॉकटेल प्यायला कुठं जावं?
मंडळी, पुण्याहून आम्ही चौघी येतोय, एकीची पस्तिशी साजरी करायचीय. बीकेसीतलं ओ पेद्रो, लोअर परळचं बॉम्बे कँटीन आणि वरळीला फोर सीझन्सच्या ३४व्या मजल्यावरचं एअर अशी नावं काढलीत, पण एका रात्रीत तिन्ही कुठली जमतायत! मागच्या वेळी एका बारमध्ये ग्लासभर बर्फ, वर रोझमेरीची काडी आणि आवाज एवढा की वेटरला मेनूवर बोट ठेवून ऑर्डर दिली, बिल बघून मात्र सगळ्या शुद्धीवर. त्यामुळे निवांत गप्पा मारता येतील असं सांगा. फेणीचं कॉकटेल त्यातल्या त्यात कुठं भारी? धाकटी २४ची, म्हणजे कायद्यानं अजून बिअर-वाइनच, आणि एक अजिबात घेत नाही, तिला दरवेळी फ्रेश लाइम सोडा पाजून कंटाळा आलाय.