मदत हवी आहे: २०२२ पासून सगळ्याच शेतांचा एनडीव्हीआय (उपग्रहचित्रावरून काढलेला पिकाच्या हिरवेपणाचा आकडा) घसरलेला दिसतोय

नमस्कार. शेतजमिनीच्या नियोजनासाठी क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये नकाशे करतोय. शेतांच्या हद्दी आखून झाल्या. सेंटिनेल-२ उपग्रहाच्या बँड ४ (लाल प्रकाश) आणि बँड ८ (निअर इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा प्रकाश) वरून दरवर्षीचा एनडीव्हीआय काढला, पीक तेच आणि वाढीची अवस्थाही तीच धरून. २०२१ पर्यंत आकडे सुसंगत आहेत. २०२२ पासून मात्र सगळीकडे मोठी घसरण, अगदी कधीही न कसलेल्या झाडीतसुद्धा! ढगांचे पिक्सेल वगळले आहेत.

शेणखत आधी कुठे टाकायचं आणि कोणता तुकडा पड ठेवायचा, हे या नकाशावरून ठरणार आहे. म्हणून खात्री हवी आहे. जमिनीचा कस खरंच उतरलाय का?

प्रतिसाद १
झाडीतही घसरण आहे म्हणजे कारण जमिनीत नाही, डेटात आहे. २५ जानेवारी २०२२ पासून सेंटिनेल-२ च्या प्रक्रियेत बदल झाला आणि प्रत्येक बँडच्या मूल्यात १००० मिळवले जाऊ लागले. समजा लाल ६०० आणि निअर इन्फ्रारेड ३०००, तर एनडीव्हीआय (दोन्हींची वजाबाकी भागिले बेरीज) ०.६७. तेच १६०० आणि ४००० झाले की ०.४३! पीक तेच, आकडा वेगळा. क्यूजीआयएसच्या रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये (पिक्सेलच्या आकड्यांवर गणित करणारं साधन) दोन्ही बँडमधून आधी १००० वजा करा, मग सूत्र लावा.

पण नुसत्या तारखेवर जाऊ नका. जुनी चित्रंही नव्याने प्रक्रिया करून दिली गेली आहेत. फाइलच्या नावात एन०४०० किंवा त्यापुढचा क्रमांक असेल तरच वजाबाकी करायची. गूगल अर्थ इंजिन या उपग्रहचित्रांच्या ऑनलाइन सेवेतला 'हार्मोनाइज्ड' संच घेतलात तर तिथे हे आधीच जुळवलेलं असतं.

मूळ प्रश्नकर्ता
मनापासून आभार! वजाबाकी केल्यावर झाडीचे आकडे जुळले. दोन-तीन लहान तुकडे मात्र अजूनही कमीच दिसतात. ते खरोखर कमकुवत समजायचे का?

प्रतिसाद २
इतक्यात नको. पिक्सेल १० मीटरचा आहे, त्यामुळे कडेच्या पिक्सेलमध्ये बांध आणि रस्ताही मिसळतो. १०० बाय ५० मीटरच्या शेतात जेमतेम ५० पिक्सेल बसतात. हद्दीपासून १० मीटर आत बफर घेतलं, म्हणजे कडेची तेवढी पट्टी वगळली, की २४ उरतात, पण ते निखळ पिकाचे असतात. त्यांची सरासरी काढून बघा. तरीही कमी आली, तर त्याच तुकड्यातून मातीचे नमुने घ्या. एनडीव्हीआय पीक कुठे मागे पडलंय तेवढं दाखवतो. पाणी साचतंय, क्षार वाढलेत की सेंद्रिय कर्ब कमी आहे, हे जमिनीत उतरूनच कळेल. तोवर कुठलाही तुकडा पड टाकू नका.